पिस्टन आणि पीठ

गॅरेजात इंजिन उघडलं की मेकॅनिक पिस्टन फडक्याने पुसून तळहातावर ठेवतो. माथ्यावर काजळीचा थर, कडेला रिंगांच्या खाचा. पाठ्यपुस्तकात याला ‘दट्ट्या’ म्हणतात, पिचकारीतलाही दट्ट्याच. शब्द नेमका आहे, पण ‘पिस्टन’ही आपल्याला परका नाही.

इंग्रजीने तो फ्रेंचकडून घेतला, फ्रेंचने इटालियनमधून. तिथलं क्रियापद ‘पेस्तारे’, म्हणजे कुटणं. त्याच्या मागे लॅटिन ‘पिन्सेरे’. या लॅटिन धातूचं भावंड म्हणजे संस्कृत ‘पिष्’, दळणं. त्यातून ‘पिष्ट’ आणि ‘पिष्ट’चं मराठीत ‘पीठ’. म्हणजे भाकरीचं पीठ आणि बुलेटचा पिस्टन एकाच कुळातले!

नातं कामातही दिसतं. जुन्या ३५० बुलेटचा पिस्टन ७० मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरमध्ये ९० मिलिमीटर वरखाली होतो. ते आकारमान म्हणजेच ३४६ सीसी. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर पिस्टन सेकंदाला ५० वेळा वर जाऊन खाली येतो, उखळातल्या मुसळासारखा. पुढच्या वेळी किक मारल्यावर कान द्या: ती धडधड आपल्या आज्यांच्या कांडणाची दूरची नातलग आहे.