शेकापची कुळकथा

शेतकरी कामगार पक्षाचा (शेकापचा) वर्धापनदिन २ ऑगस्टला असतो आणि साल धरले जाते १९४७. देश स्वतंत्र व्हायला तेव्हा तेरा दिवस बाकी होते. पण या पक्षाचे मूळ शोधायचे तर त्याआधीच्या दोन ठिकाणांकडे जावे लागते.

पहिले पुणे. पितळेच्या धंद्यातले जेधे घराणे सत्यशोधक विचारांचे. त्यांचे जेधे मॅन्शन म्हणजे ब्राह्मणेतर चळवळीचा अड्डाच. १९२५ साली केशवराव जेधे नगरपालिकेत निवडून गेले आणि त्यांनी महात्मा फुल्यांच्या पुतळ्याचा आग्रह धरला. तो तिथे मान्य झाला नाही. पुढे काकासाहेब गाडगीळांनी याच जेध्यांना काँग्रेसमध्ये आणले, आणि त्यांच्या मागोमाग खेड्यापाड्यांतला बहुजन समाज काँग्रेसकडे वळला.

दुसरे ठिकाण अलिबाग तालुक्यातले चरी. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी नारायण नागू पाटलांच्या सांगण्यावरून तिथल्या कुळांनी खोतांची, म्हणजे जमीनदारांची, जमीन कसायची नाही असे ठरवले. घाम कुळाचा आणि धान्य खोताच्या कोठारात, हा हिशेब त्यांना पुरता कळला होता. संपात पंचवीस गावे उतरली. सहा वर्षे भातखाचरे ओस राहिली. लोकांनी जंगलातला लाकूडफाटा विकून दिवस काढले, पण कोणी नांगर धरला नाही. डॉ. आंबेडकरांनी कुळांची बाजू घेतली आणि १९३७ साली विधिमंडळात खोती मोडण्याचे विधेयक मांडले. अखेर महसूलमंत्री मोरारजी देसाई स्वतः चरीला आले, आणि १९३९ साली कुळकायदा झाला.

महायुद्धानंतर लेव्हीने, म्हणजे सक्तीच्या धान्यवसुलीने, शेतकरी जेरीस आला. काँग्रेसची सूत्रे आपल्या हाती नाहीत, ही बहुजन पुढाऱ्यांची खंत जुनीच होती. जेधे, शंकरराव मोरे, तुळशीदास जाधव आदींनी आधी काँग्रेसच्या आतच शेतकरी-कामगारांचा संघ काढला. पण पक्षात दुसरा पक्ष चालू देण्याची काँग्रेसची तयारी नव्हती, तेव्हा ही मंडळी बाहेर पडली. क्रांतिसिंह नाना पाटीलही त्यांच्यात आले. संघाचा स्वतंत्र पक्ष झाला आणि त्याचा बावटा लाल झाला.

गंमत म्हणजे पक्ष आधी निघाला आणि त्याचे तत्त्वज्ञान मागाहून लिहिले गेले. १९५० साली मालेगावजवळच्या दाभाडीला मंजूर झालेल्या प्रबंधाने शेकाप मार्क्सवादी ठरला. सत्यशोधकी वळणाच्या जुन्या कार्यकर्त्यांना ही भाषा पचायला जड गेली. खुद्द जेधे १९५४ साली काँग्रेसमध्ये परतले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शेकाप पुन्हा उभारी धरून होता. पण राज्य मिळाल्यावर यशवंतराव चव्हाणांच्या बेरजेच्या राजकारणात त्याचे अनेक मोहरे एकेक करून काँग्रेसमध्ये गेले. ज्या शेतकऱ्यासाठी पक्ष निघाला, त्याला आता साखर कारखाना, सोसायटी आणि जिल्हा परिषद काँग्रेसमधूनच मिळत होती.

तरी दोन ठिकाणी शेकाप तग धरून राहिला. चरीच्या मुलखात नारायण नागूंचे चिरंजीव दत्ता पाटील आमदार झाले. दुष्काळी सांगोल्याने वकील गणपतराव देशमुखांना १९६२ पासून अकरा वेळा विधानसभेत धाडले; एसटीने फिरणारा आमदार म्हणून राज्य त्यांना ओळखत होते. या मतदारांपैकी दाभाडीचा प्रबंध किती जणांनी वाचला असेल? जमीन आणि पाण्यासाठी आपल्या बाजूने कोण उभे राहिले, एवढे त्यांना पक्के ठाऊक होते.