ब्रह्मानंद शंखवाळकर : न झालेल्या गोलांचा मानकरी

भारतीय फुटबॉल संघाचे माजी कर्णधार ब्रह्मानंद सगुण कामत शंखवाळकर यांची गणना देशाच्या उत्कृष्ट गोलरक्षकांमध्ये केली जाते. ६ मार्च १९५४ रोजी गोव्यातील ताळगाव येथे त्यांचा जन्म झाला. गोवा १९६१ मध्ये पोर्तुगीज राजवटीतून मुक्त झाला, तेव्हा ते सात वर्षांचे होते. मुक्त गोव्याच्या फुटबॉलने पुढे राष्ट्रीय पातळीवर जे स्थान मिळवले, त्यात त्यांच्या पिढीचा वाटा मोठा आहे.

क्लब पातळीवरील त्यांची कारकीर्द प्रामुख्याने वास्कोच्या साळगावकर संघाकडून घडली. चर्चिल ब्रदर्स आणि अँडरसन मारियन्स या संघांकडूनही ते खेळले. १९७६ पासून सुमारे दहा वर्षे त्यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले; १९८३ ते १९८६ या काळात राष्ट्रीय संघाचे नेतृत्व त्यांच्याकडे होते.

संतोष करंडक ही १९४१ मध्ये सुरू झालेली राष्ट्रीय स्पर्धा. तिच्यावर दीर्घकाळ बंगालचे वर्चस्व होते. १९८२-८३ मध्ये कोलकात्यात, बंगालच्याच मैदानावर, गोव्याने अंतिम सामना गोलशून्य बरोबरीत सोडवला. फेरसामनाही तसाच संपला आणि दोन्ही संघांना संयुक्त विजेते घोषित करण्यात आले. पुढील हंगामात चेन्नई (तेव्हाचे मद्रास) येथे पंजाबला १-० असे नमवून गोव्याने प्रथमच स्वबळावर करंडक जिंकला. गोवा तेव्हा घटकराज्यही नव्हते; तो दर्जा १९८७ मध्ये मिळाला. या दोन्ही विजेत्या संघांत गोलरक्षणाची धुरा शंखवाळकर यांच्याकडे होती.

आक्रमकाची कामगिरी गोलसंख्येतून लगेच दिसते. गोलरक्षकाची मात्र न झालेल्या गोलांवरून मोजावी लागते. कोलकात्यातील दोन आणि मद्रासमधील एक, अशा अंतिम फेरीच्या तीनही सामन्यांत गोव्याने प्रतिस्पर्ध्याला एकही गोल करू दिला नाही. गोव्याने केलेला गोल मात्र अवघा एक होता. दोन्ही करंडकांचा पाया बचाव हाच होता.

अशा कामगिरीची शासकीय दखल उशिरा घेतली गेली. अर्जुन पुरस्कार त्यांना १९९७ मध्ये, म्हणजे भारताचे नेतृत्व सोडल्यानंतर अकरा वर्षांनी मिळाला. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री किताब जाहीर झाला.