रंगपट्टी (आर भाषेतील)

आर या संख्याशास्त्रीय संगणकभाषेत आलेख व नकाशे रंगविण्यासाठी वापरला जाणारा रंगांचा संच. ‘पॅलेट’ या फंक्शनमध्ये मुळात ८ रंग असतात. गट त्याहून अधिक असल्यास रंग पहिल्यापासून पुन्हा लागतात. त्यांतले जुने भडक रंग (पिवळा कागदावर जेमतेम दिसे) ४.० या आवृत्तीत, २०२० साली, बदलले.

ब्रूअर पट्ट्या : आरमधील रंगविचाराला शिस्त आली ती नकाशाशास्त्रातून. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातील सिंथिया ब्रूअर यांच्या पट्ट्या ‘आरकलरब्रूअर’ या पॅकेजद्वारे उपलब्ध आहेत. एकूण ३५ पट्ट्यांपैकी १८ क्रमदर्शक (फिकट ते गडद, उदा. लोकसंख्येची घनता), ९ द्विदिश (मध्याच्या दोन्ही बाजूंना गडद होत जाणाऱ्या, उदा. पावसाची सरासरीहून तूट वा आधिक्य) आणि ८ गुणदर्शक (पीक, पक्ष, भाषा यांसारखे क्रम नसलेले गट) आहेत. विदा कोणत्या जातीची हे आधी ठरवावे, रंग मागाहून, हे या वर्गीकरणाचे मर्म होय. ‘सेट १’ या गुणदर्शक पट्टीत ९ रंग आहेत. बारा महिन्यांसाठी १२ मागितल्यास इशारा मिळतो, पण रंग ९ च येतात. महिन्याच्या क्रमांकाने रंग दिला असल्यास ऑक्टोबर ते डिसेंबरचे ठिपके आलेखात उमटतच नाहीत. इशारा न वाचणाऱ्याला वर्ष सप्टेंबरमध्येच संपल्यासारखे दिसते.

जीजीप्लॉट-२ : या पॅकेजमध्ये गटांचे रंग आपोआप ठरतात ते रंगचक्रावर समान अंतराने, पण एकाच उजळपणाचे. पडद्यावर ते समतोल दिसतात. कृष्णधवल झेरॉक्समध्ये सारे जवळपास एकाच करड्या रंगाचे होतात.

विरिडिस : जांभळ्यापासून हिरव्यातून पिवळ्याकडे जाणारी, उजळपणा सारख्या टप्प्यांनी वाढविणारी पट्टी. स्टेफान व्हॅन डर वॉल्ट व नॅथॅनिएल स्मिथ यांनी ती २०१५ मध्ये पायथन या संगणकभाषेतील मॅटप्लॉटलिब या आलेखांच्या पॅकेजसाठी तयार केली. सायमन गार्नियर यांच्या पॅकेजमुळे ती आरमध्ये आली. इंद्रधनुषी पट्टीत पिवळा मध्येच उजळून विदेत नसलेली सीमारेषा भासवतो. हा दोष विरिडिसमध्ये नाही. तरीही इंद्रधनुषी पट्टी सर्वस्वी त्याज्य मानावी का, याविषयी एकमत नाही. गूगलमध्ये तिचीच सुधारित आवृत्ती, ‘टर्बो’, २०१९ मध्ये तयार झाली.

रंगांधत्व : उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत तांबडा-हिरवा भेद नीट न जाणवणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ८ टक्के आहे. मासाताका ओकाबे व केई इतो या जपानी शास्त्रज्ञांची पट्टी त्यांना सोयीची असून ४.० आवृत्तीपासून ती आरमध्येच मिळते.

रंगनामे : आर ओळखते अशी रंगांची नावे ६५७, स्पेलिंगच्या दोन रीतींमुळे त्यांत एकट्या करड्याची दोनशेहून अधिक.