कापूर : देव्हाऱ्यातून मलमाच्या डबीत



कापूर म्हटला की आरतीचे तबक डोळ्यांपुढे येते. पण आपल्या उंद्रीत कापराची वडी पूजेसाठी नेतात, तशी तेलात विरघळवून दुखत्या गुडघ्याला चोळण्यासाठीही नेतात. या दुसऱ्या उपयोगाचा इतिहास आम्हांस आज सांगावयाचा आहे.

जुना भीमसेनी कापूर बोर्निओ-सुमात्राकडील एका उंच झाडाच्या खोडातील भेगांत खड्यांच्या रूपाने सापडे. तो दुर्मिळ, म्हणून महाग. दुसरा कापूर चीन, जपान व तैवान येथील झाडाचा. त्याच्या लाकडाचे तुकडे वाफेवर तापवून तो काढीत. आज भीमसेनी म्हणून विकला जाणारा प्रत्येक खडा त्या पहिल्या झाडाचा असतोच असे नाही.

१८७० च्या सुमारास अमेरिकेत हायट यांनी कापराच्या साह्याने सेल्युलॉइड बनविले. कंगवे, गुंड्या, पुढे सिनेमाच्या फिती, सर्वांना कापूर लागू लागला. १८९५ साली तैवान जपानच्या हाती गेले आणि १८९९ साली तेथील कापूर सरकारी मक्तेदारीत आला. डोंगरातील आदिवासींच्या जंगलांत सशस्त्र चौक्यांची रांग पुढे सरकत गेली. आरतीच्या ज्योतीमागे असाही इतिहास आहे. पुढे टर्पेंटाइनपासून कृत्रिम कापूर निघाला, आणि आज बाजारातील बहुतेक कापूर तोच असतो.

मलमाच्या डबीची आपल्याकडील कथा मुंबईत सुरू होते. काशीनाधुनी नागेश्वरराव या आंध्रातील गृहस्थांनी १८९३ साली तेथे अमृतांजन काढले. कापूर त्यातील एक प्रमुख घटक. बोरघाटातील १८३० सालच्या पुलाला तर लोक त्या मलमाच्या नावानेच ओळखू लागले. तो पूल २०२० साली पाडला गेला, नाव मात्र राहिले.

कापूर करतो काय? थोड्या प्रमाणात तो कातडीची खाज व वेदना मंद करतो. जास्त प्रमाणात तोच आग-गारवा उत्पन्न करून खोलवरच्या दुखण्याचा विसर पाडतो. विसर पाडणे म्हणजे बरे करणे नव्हे. गठाणी उचलून ज्याची पाठ भरून आली, तो हमाल रात्री मलम चोळतो व सकाळी पुन्हा तेच ओझे उचलतो. त्याचे खरे औषध ओझे हलके होण्यात आहे, डबीत नाही.

आता धोका. कापूर कातडीतून आणि नाकातोंडाच्या आतल्या त्वचेतून रक्तात जातो. पोटात गेल्यास मेंदूला भोवतो, आणि लहान मुलांस थोड्या वेळात झटके येतात. १९३४ साली बुडापेस्टच्या मेडुना या डॉक्टरांनी मनोरुग्णांस मुद्दाम झटके आणण्यासाठी कापराचीच सुई दिली होती, यावरून त्याची शक्ती ओळखावी. अमेरिकेत सरकीच्या तेलात २० टक्के कापूर घातलेले तेल विकत असत. एरंडेल समजून ते मुलांना पाजले गेले. १९८२ साली तेथील सरकारने त्या तेलाची विक्री बंद ठरवली आणि अंगाला लावायच्या औषधांत कापराची मर्यादा ११ टक्के केली.

सरकी आपल्या मुलखाची. तेव्हा हिशेब आपणच करावा. ८० ग्रॅम तेलात २० ग्रॅम कापूर घातला की तेच बंद केलेले तेल आपल्या घरात तयार झाले! घरी कोण तोलून घालतो?

म्हणून दोन वर्षांखालील मुलास कापराचे मलम लावू नये, नाकपुडीत तर नाहीच. चिरलेल्या, सोललेल्या कातडीवर व डोळ्यांजवळ लावू नये. मलम लावून वर कापड घट्ट आवळू नये की शेक देऊ नये. गर्भारशी व अंगावर पाजणाऱ्या बायांनी डॉक्टरांस विचारावे. कपाटातल्या डांबरगोळ्या म्हणजे कापूर नव्हे. त्या तेलात कधीही घालू नयेत. मुलाच्या पोटात कापूर गेला, तर उलटी करविण्यात वेळ न दवडता तडक दवाखाना गाठावा.

मजुरीची पावती आपण वाचून घेतो, तशी डबीवरची बारीक अक्षरेही वाचावीत. अक्षरे लागत नसतील तर शाळेत जाणाऱ्या मुलाकडून वाचवून घ्यावीत. कापूर देव्हाऱ्यात हाताला लागेल असा खुशाल असू द्या. पण मुलाच्या हाताला लागेल असा नको.