झटपट पोकर स्पर्धा नवख्यासाठी बरी का? थोडा इतिहास, थोडं गणित

गेल्या दिवाळीत करंजाड्यातल्या आमच्या भाड्याच्या फ्लॅटवर पत्त्यांचा डाव बसला होता. तीन पत्ती खेळून कंटाळा आल्यावर कुणीतरी पोकर काढलं. पैसे नाहीत, काडेपेटीच्या काड्या. एम.एस्सी. संपवून नेटची तयारी करणारा एक ज्युनिअर त्याच संध्याकाळी नियम शिकला आणि तासाभरात सगळ्यांच्या काड्या गोळा करून बसला. दुसऱ्या दिवशी त्याने विचारलं, "दादा, मी नवीन आहे, तर झटपट संपणाऱ्या टुर्नामेंट माझ्यासाठी बऱ्या ना? तासाभरात निकाल लागतो आणि शिकायलाही मिळतं."

त्याच्या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न आहेत. नवख्याला जिंकायला काय बरं? आणि नवख्याला शिकायला काय बरं? या दोन्हींची उत्तरं एकमेकांच्या उलट आहेत. संशोधनाकडे वळणाऱ्या प्रत्येकाने हे समजून घ्यावं असं मला वाटतं, म्हणून हा लेख.

कौशल्य की नशीब: प्रश्न जुना आहे

आपल्याकडे या प्रश्नाची सगळ्यात सुंदर गोष्ट महाभारताच्या वनपर्वात आहे. नळराजा फाशांवर राज्य हरला, दमयंतीपासून दुरावला आणि बाहुक नावाने अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाचा सारथी झाला. विदर्भाकडे जाताना ऋतुपर्णाने वाटेतल्या बेहड्याच्या झाडाची पानं आणि फळं किती, हे बघता बघता सांगितलं. नळाने काय केलं? रथ थांबवला, झाड पाडलं आणि मोजून खात्री केली. मगच त्याने ऋतुपर्णाकडून 'अक्षहृदय', म्हणजे फाशांची विद्या घेतली आणि बदल्यात आपली अश्वविद्या दिली. ज्या बेहड्याची फळं मोजली, त्याच फळांचे त्या काळी फासे करत. तत्त्वज्ञ इयान हॅकिंग यांनी संभाव्यतेच्या उगमावरच्या १९७५ सालच्या पुस्तकात या कथेची मुद्दाम दखल घेतली आहे. अंदाज बांधणं आणि फासे खेळणं यांचं नातं त्या कथाकाराला दिसलं होतं.

युरोपात हे नातं गणितात उतरलं ते १६५४ मध्ये. पास्कल आणि फर्मा यांच्यात पत्रव्यवहार झाला, विषय होता अर्धवट थांबलेल्या डावाचा. दोन खेळाडूंनी सारखे पैसे लावलेत, आधी ठरलेले गुण मिळवणारा जिंकणार, पण खेळ मध्येच थांबला. तर पैसे कसे वाटायचे? आतापर्यंत कुणी किती जिंकलं, यावरून त्यांनी उत्तर काढलं नाही. *अजून किती डाव उरलेत* हे त्यांनी पाहिलं. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण आपला सगळा मुद्दा तिच्यावरच उभा आहे.

कायद्याने खेळाचं नाव विचारलं

आता मुंबई इलाख्यात येऊ. १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्याने जुगाराच्या अड्ड्यांवर बंदी आणली, पण कलम १३ मध्ये एक दार उघडं ठेवलं. 'निव्वळ कौशल्याच्या' खेळाला हा कायदा लागू नाही. हाच कायदा बदल होत होत महाराष्ट्रात आजही आहे. पण निव्वळ कौशल्य म्हणजे नेमकं किती, हे ठरवायला पुढची कित्येक दशकं गेली.

पहिला मोठा खटला पत्त्यांचा नव्हताच, शब्दकोड्यांचा होता. बंगळुरूहून निघणाऱ्या एका साप्ताहिकातल्या बक्षिसांच्या कोड्यांना मुंबई राज्यात प्रचंड गिऱ्हाईक होतं. राज्याने कर लावला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. मुंबई राज्य विरुद्ध आर. एम. डी. चमारबागवाला या १९५७ च्या निकालात न्यायालय म्हणालं की स्पर्धेला जुगाराचा ठपका टाळायचा असेल, तर तिचं यश बऱ्याच अंशी कौशल्यावर अवलंबून हवं. कोडं म्हटलं की डोकं लागतं असं आपण धरून चालतो. पण इथे तुमचं उत्तर बरोबर आहे की चूक याला महत्त्व नव्हतं. ते आयोजकांनी आधीच ठरवून ठेवलेल्या उत्तराशी जुळायला हवं होतं. नाव कोड्याचं आणि रचना सोडतीची.

पुढे १९६७ मध्ये सिकंदराबादच्या एका क्लबच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने रमी आणि तीन पत्ती वेगळी केली. रमीत पडलेली पानं लक्षात ठेवावी लागतात, कुठलं पान धरायचं आणि कुठलं टाकायचं हे ठरवावं लागतं, म्हणून तिच्यात कौशल्य जास्त; तीन पानांचा खेळ मात्र नशिबाचा. १९९६ मध्ये घोड्यांच्या शर्यतीही कौशल्याच्या बाजूला गेल्या. पोकरबद्दल मात्र एकमत झालं नाही. २०१३ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने त्याला कौशल्याचा खेळ मानलं, तर २०१७ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने नशिबाचा.

एकाच खेळाला दोन न्यायालयं दोन टोकाची उत्तरं देतात, तेव्हा संशोधकाने प्रश्नच तपासावा. माझं मत असं की 'पोकर कौशल्याचं की नशिबाचं' हा प्रश्न अर्धा आहे. *किती डावांचं पोकर?* हे विचारल्याशिवाय तो पुरा होत नाही.

घड्याळ कुणाच्या हातात?

इथे पोकर स्पर्धेचा इतिहास उपयोगी पडतो. लास व्हेगासमधली 'वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर' १९७० मध्ये सुरू झाली, आणि गंमत बघा, पहिल्या वर्षी विजेता खेळाडूंच्या मतदानाने ठरला: जॉनी मॉस. १९७१ पासून आजची पद्धत आली. सगळ्यांना सारख्या चिप्स, आणि सगळ्या चिप्स एकाकडे जाईपर्यंत खेळायचं.

पण असा खेळ संपायचा कधी? सगळे सावधपणे खेळले तर आठवडाभर चालेल. त्यावर उपाय म्हणजे ब्लाइंड. तीन पत्तीत प्रत्येक जण बूट ठेवतो ना, तसंच हे. फक्त इथे दर डावाला दोघांनीच, आळीपाळीने, पानं बघण्याआधी ठेवायचं. ठरावीक वेळाने ही रक्कम वाढते. तेवढ्या वेळाला लेव्हल म्हणतात. म्हणजे खेळाडू कितीही शांत असला, तरी घड्याळ त्याला ढकलत राहतं आणि ते घड्याळ आयोजकाचं असतं. वर्ल्ड सिरीजच्या मुख्य स्पर्धेत आज एक लेव्हल १२० मिनिटांची आहे. झटपट स्पर्धेत ती १५ मिनिटांची असते, ऑनलाइन तर ३ ते ५ मिनिटांचीही.

हिशोब करून पाहू. टेबलावर ९ जण आहेत आणि तासाला साधारण ३० डाव होतात असं धरा. १२० मिनिटांत ६० डाव. १५ मिनिटांत ७-८. म्हणजे झटपट स्पर्धेत टेबलाची एक फेरी पुरी व्हायच्या आत ब्लाइंड वाढतो! समजा तुमच्याकडे १०,००० चिप्स आहेत आणि मोठा ब्लाइंड १००. दर लेव्हलला तो दुप्पट होतो. तीन वाढींनंतर तो ८०० होईल. सुरुवातीला तुमच्याकडे १०० ब्लाइंड होते, आता एकही चिप न हरता १२.५ उरले. हे सगळं पाऊण तासात, २२-२३ डावांत. हातात सुरुवातीलाच जोडी यायची शक्यता १७ त १ असते. म्हणजे एवढ्या वेळात सरासरी एक किंवा फार तर दोन जोड्या.

इतक्या कमी चिप्स उरल्या की विचाराला जागाच राहत नाही. पॅक करा, नाहीतर सगळं लावा. समोरच्याची चाल वाचणं, धीर धरणं, छोट्या चुका वसूल करणं, म्हणजे जिथे जाणकार नवख्याला मागे टाकतो, ते सगळं घड्याळाने कापून टाकलेलं असतं.

मग नवखा का जिंकतो?

पास्कल-फर्माच्या प्रश्नाकडे परत या. समजा जाणकार खेळाडू एकेका डावात ५५ टक्के वेळा जिंकतो. एकच डाव ठेवला तर त्याची शक्यता ५५ टक्केच. सातांपैकी जास्त डाव जिंकणारा विजेता, असं ठरवलं तर ती सुमारे ६१ टक्के होते. १०१ डाव ठेवले तर सुमारे ८४ टक्के. खेळाडू तेच, खेळ तोच; फक्त डावांची संख्या बदलली. दुबळा क्रिकेट संघ बलाढ्य संघाला वीस षटकांत हरवू शकतो, पाच दिवसांच्या कसोटीत त्याला ते जड जातं, ते याच कारणाने.

म्हणून पहिल्या प्रश्नाचं उत्तर: हो, जाणकारांसमोर एखाद्या वेळी जिंकायचं असेल, तर नवख्याला झटपट स्पर्धा बरी. आमच्या ज्युनिअरच्या काड्यांचं रहस्यही हेच.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र नाही. जो वेग नवख्याला जिंकवतो, तोच त्याला शिकू देत नाही. चुकीचा निर्णय घेऊन जिंकलात तर चूक पक्की होते. योग्य निर्णय घेऊन हरलात तर योग्य गोष्ट सोडून देता. निकालातून काही कळायचं असेल, तर निकाल पुरेसे हवेत.

पुरेसे म्हणजे किती? तुमच्यापैकी ज्यांनी सर्वेक्षणाचा आराखडा केलाय, त्यांना ३८४ हा आकडा पाठ असेल. ९५ टक्के विश्वासपातळीवर ५ टक्क्यांच्या आत अंदाज हवा, तर एवढा नमुना लागतो. तोच आकडा इथे येतो. तुम्ही ५५ टक्क्यांचे खेळाडू आहात की नुसतं नाणं उडवताय, हे ओळखायला ३८४ मोठे डाव लागतील. आणि तरीही फरक दिसण्याची शक्यता निम्मीच. ती ८० टक्क्यांवर न्यायची तर सुमारे ७८० डाव. एका झटपट स्पर्धेत सगळं लावायचे प्रसंग येतात तीन-चार. म्हणजे तुम्ही खरंच चांगले आहात का, हे कळायला दोनशेच्या आसपास स्पर्धा लागतील. आणि पैशांच्या स्पर्धेत दर वेळी प्रवेश शुल्काचा एक भाग आयोजकाकडे जातो, तो परत येत नाही. संध्याकाळी एक संथ स्पर्धा होते, झटपट चार होतात. आयोजकाचा वाटाही चारदा कापला जातो.

झटपट स्पर्धेची बाजूही सांगायला हवी. चिप्स कमी असताना कधी लावायचं आणि कधी सोडायचं, एवढी एक गोष्ट ती चांगली शिकवते, कारण तोच प्रसंग पुन्हा पुन्हा येतो. पण तो धडा पुस्तकातला शेवटचा आहे. बाराखडी यायच्या आधी तो गिरवून काय उपयोग?

कायद्याने शेवटी वेगळाच रस्ता धरला

इतकी वर्षं चाललेला कौशल्य-नशिबाचा वाद ऑनलाइन खेळांपुरता २०२५ मध्ये बाजूला सारला गेला. संसदेने ऑगस्टमध्ये मंजूर केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, मग खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा. या कायद्याला २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळाली. महाराष्ट्राने तर १९७६ चा कॅसिनो कायदा कधी अमलात आणलाच नाही आणि २०२३ मध्ये तो रद्द केला. गोव्यात मांडवीवरच्या जहाजांत खेळ चालू आहे, तो तिथल्या वेगळ्या कायद्याखाली. बंदी बरोबर की चूक, हा वेगळा विषय. पण विद्यावेतनाच्या पैशांवर जगणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी: 'हा कौशल्याचा खेळ आहे' हे वाक्य खरं असलं, तरी *तुमच्याकडे* ते कौशल्य आहे, असा त्याचा अर्थ होत नाही.

आपल्या कामाचं काय?

ज्युनिअरला मी सांगितलं ते तुम्हालाही सांगतो. शिकायचंय ना? मग काड्या घे, चार मित्र घे, लेव्हल तासाभराची ठेव. वही जवळ ठेव. प्रत्येक मोठ्या डावात निर्णय आणि त्याचं कारण *निकालाआधी* लिही. महिन्याभराने वाचताना जिंकलो-हरलो हा रकाना झाकून ठेव आणि फक्त कारणं तपास.

संशोधनात हेच करायचं असतं. सहा नमुन्यांवर झकास आलेख आला की आपल्याला वाटतं, जमलं. परिषदेची तारीख जवळ आलेली असते, गाइड विचारत असतात, आणि घड्याळ आपलं नसतं. अशा वेळी आलेला चांगला निकाल वाईट निकालापेक्षा जास्त फसवतो, कारण तो कुणी पुन्हा तपासत नाही. नळाकडे बघा. राजाचा अंदाज ऐकून त्याने मान डोलावली नाही. विदर्भाला पोहोचायची घाई असतानाही त्याने रथ थांबवला आणि फळं मोजली.

ज्युनिअरने वही आणलीय. पहिल्या पानावर त्याने दिवाळीचा तो जिंकलेला डाव लिहिला. कारणाच्या रकान्यात बराच वेळ काही सुचेना, शेवटी लिहिलं: "माहीत नाही." मला वाटतं, सुरुवात चांगली आहे.