कुलूप गाडीला, किल्ली कुणाकडे?

अमेरिकेत शाळेत बंदूक नेता येत नाही, एवढंच आपण ऐकतो. मी कायद्यांचा इतिहास चाळला, तर गाडीचं कलम सापडलं.

१९९० च्या कायद्याने शाळेपासून १००० फुटांत बंदूक बाळगणं गुन्हा ठरलं. गोळ्या काढून कुलूपबंद पेटीत ठेवली, तर सूट. १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो ५ विरुद्ध ४ मतांनी रद्द केला. रिव्हॉल्व्हर घेऊन शाळेत आलेला बारावीचा लोपेझ सुटला. वाद केंद्राच्या अधिकाराचा होता, मुलांच्या जिवाचा नाही! १९९६ मध्ये संसदेने कायदा दुरुस्त करून परत आणला. सूट तशीच.

१९९४ चा दुसरा कायदा: बंदूक आणणारा विद्यार्थी वर्षभर शाळेबाहेर. पुढे त्यातूनही कुलूपबंद गाडीत कायदेशीरपणे ठेवलेली बंदूक वगळली.

कुलूप ठीक आहे हो. पण त्या गाडीची किल्ली विद्यार्थ्याच्याच खिशात असेल तर?