आगमनकाळ, पाऊस आणि मराठी मागणे



ज्या गुरुजींच्या स्मृतीस हे व्याख्यान वाहिले आहे, ते वर्गात ओवी कधी वाचू देत नसत, म्हणावयास लावीत. पुढे मी मराठीचा प्राध्यापक झालो आणि नेमका हाच धडा विसरलो. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ मी पुष्कळ वर्षे शिकविले. पोर्तुगीज उसने शब्द, कोकणी रूपे, संतांच्या ओवीशी नाते, एवढी टिपणे उतरवून दिली की आमचे कर्तव्य संपे. हा ग्रंथ लोकांनी केव्हा ऐकला आणि ऐकताना देवाजवळ काय मागितले, हा प्रश्न मला निवृत्तीनंतर पडला. आजचे व्याख्यान ही त्या चुकीची उशिरा केलेली दुरुस्ती समजावी.

कॅथलिकांचे उपासना-वर्ष जानेवारीत उघडत नाही. नाताळाआधीच्या चार रविवारांपैकी पहिल्या रविवारी आगमनकाळ लागतो आणि वर्ष सुरू होते. मग नाताळ, राखेच्या बुधवारपासून प्रायश्चित्तकाळाचे चाळीस दिवस, पुनरुत्थानाचा सण, त्यापासून पन्नासाव्या दिवशी पेन्टेकॉस्ट, आणि उरलेले आठवडे सामान्यकाळाचे. पुनरुत्थानाचा रविवार वसंतसंपाताच्या पौर्णिमेवर बसविलेला असल्याने तो २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान फिरतो. तिथी पाळणाऱ्या घरांना हे फोडून सांगावयास नको. प्रत्येक काळाचे मागणे निराळे असते : आगमनकाळात वाट पाहण्याचे बळ, प्रायश्चित्तकाळात क्षमा आणि देणारा हात.

याखेरीज निव्वळ शेताशिवाराची मागणी होती. इ. स. ४७० च्या सुमारास गॉल देशातील व्हिएन नगराचे बिशप मामेर्तुस यांनी संकटांनी गांजलेल्या आपल्या नगरासाठी स्वर्गारोहणाच्या सणापूर्वीचे तीन दिवस उपवासाचे आणि मिरवणुकीचे ठरविले. पुढे तेच दिवस पिकांसाठी मागण्याचे झाले. रोममध्ये वर्षातून चार वेळा, ऋतुमानाप्रमाणे, उपवासाचे दिवस पाळले जात. पाचव्या शतकातील पोप लिओ यांची त्यावरील प्रवचने आजही वाचावयास मिळतात.

आता अडचण अशी, की हे सारे ऋतू युरोपचे. तिकडे पुनरुत्थानाच्या सणाला झाडांना पालवी फुटते. आमच्याकडे त्या सुमारास विहिरी तळ दाखवू लागतात. मग आपल्या लोकांनी काय केले? त्यांनी सण तेच ठेवले आणि त्यांत आपले आभाळ आणून बसविले. योहान बाप्तिस्ताचा २४ जूनचा सण गोव्यात पावसाचा झाला. तरुण मंडळी भरलेल्या विहिरींत उड्या घेतात. साळशेत तालुक्यातील राय येथे ५ ऑगस्टला भाताच्या नव्या कणसांना आशीर्वाद दिला जातो. मंगळूरकर ८ सप्टेंबरला, मरियेच्या जन्मदिनी, ‘नवे’ जेवतात. मुंबई परिसरातील ईस्ट इंडियन समाज ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी ‘आगेरा’ साजरा करतो. आपल्याकडील नव्याची पौर्णिमा ज्याने पाहिली आहे, त्याला यात परके काही वाटणार नाही.

स्टीफन्स १५७९ साली गोव्यात उतरले. त्यांचे पुराण १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. दोन पुराणे, पंचाण्णव अवस्वरू, अकरा हजारांच्या आसपास ओव्या. रविवारी आणि सणावारी मिस्सा आटोपल्यावर ते देवळात गायले जाई. मूळ पोर्तुगीज शीर्षकात ते येशू ख्रिस्ताच्या जगात येण्याविषयीचे विवेचन असल्याचे म्हटले आहे. ‘येणे’ म्हणजेच आगमन! पहिल्या पुराणाचे छत्तीस अवस्वरू तारणाऱ्याची वाट पाहण्यात जातात, दुसऱ्यात जन्म, यातना आणि पुनरुत्थान येते. मला हा सारा ग्रंथच आगमनकाळापासून निघालेल्या एका दीर्घ वर्षासारखा दिसतो. हे माझे मत आहे. कोणी खोडून काढल्यास रुसणार नाही. एवढे मात्र खरे, की देवळातील मिस्सा लॅटिनमध्ये चाले आणि श्रोत्याला कळेल ते या ओव्यांतूनच येई.

२७ जून १६८४ रोजी व्हाइसरॉय कोंदि द आल्व्होर याने फर्मान काढले : तीन वर्षांत देशी भाषा सोडा, पोर्तुगीज बोला. भाषा गेली की मागणेही उसने होते. तसे झाले नाही, याचे श्रेय घरोघरच्या हस्तलिखितांना आणि पाठांतराला आहे. पुराणाच्या सतराव्या शतकातील तीन आवृत्त्यांपैकी एकही प्रत हाती नसताना, १९०७ साली मंगळूरला जोसेफ साल्ढाणा यांनी हस्तलिखितांवरून ते पुन्हा छापले.

४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेत लोकभाषांना वाव दिला, आणि शतकानुशतके मागे पडलेल्या विश्वासू जनांच्या प्रार्थना परत आणल्या. १९६९ च्या नव्या कॅलेंडरासोबतच्या नियमांत ऋतूंच्या मागण्याचे दिवस ठरविणे त्या त्या देशाच्या बिशपांवर सोपविले गेले. प्रार्थनाग्रंथात पेरणीसाठी, पावसासाठी, उघाडीसाठी, सुगीनंतरच्या कृतज्ञतेसाठी स्वतंत्र मिस्सा आहेत. वसईच्या शेतकऱ्याला जूनमध्ये पाऊस मागावयास आता युरोपच्या हवामानाची परवानगी लागत नाही. आपण हैदराबादकरांनी १९०८ चा मुसीचा पूर ऐकला आहे. निजाम महबूब अली खान यांनी तेव्हा नदीची आरती केल्याची आख्यायिकाही. पाणी मागणे आणि पाणी आवर म्हणणे, दोन्ही या दख्खनला ठाऊक आहे.

मागणे गोठून राहत नाही, याचा उत्तम दाखला पवित्र शुक्रवारच्या प्राचीन प्रार्थनांत मिळतो. त्यांतील ज्यूंविषयीचा कठोर शब्द १९५९ मध्ये पोप तेविसावे जॉन यांनी काढून टाकला. २०२० साली रोमने त्याच मालिकेत महासाथीने गांजलेल्यांसाठी एक प्रार्थना जोडली.

त्या वर्षी पवित्र शुक्रवार १० एप्रिलला आला. देवळे बंद होती. आमच्या शेजारी मूळचे वसईचे एक कुटुंब राहते. ते दूरचित्रवाणीसमोर बसून इंग्रजी उपासना पाहत होते. मधल्या भिंतीतून सारे ऐकू येई. ती संपल्यावर घरातील आजींनी स्वतःचे मागणे सुरू केले, संथ, ओवीच्या चालीत, आणि मराठीत. आजाऱ्यांसाठी मागितले, मग पायी गावाकडे निघालेल्या मजुरांसाठी, आणि शेवटी, चैत्र असूनही, वेळेवर पडणाऱ्या पावसासाठी.